घरगुती कार्यशाळेसाठी जुना हलका शेपर : यंत्राची परीक्षा आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना

फळीच्या कडेला गोलाई किंवा गलता देणे, खाच पाडणे, दोन फळ्या जोडण्यासाठी जीभ काढणे ही कामे पूर्वी हातरंध्याने होत. प्रत्येक आकाराला स्वतंत्र पात्याचा रंधा लागे आणि त्यामुळे कसबी सुताराच्या पेटीत अशा रंध्यांचीच गर्दी असे. हेच काम फिरत्या पात्याकडून करून घ्यावे ही कल्पना इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांच्या १७९३ च्या पेटंटमध्ये आढळते. पुढे एकोणिसाव्या शतकात उभ्या दांड्यावर कटर बसवून, तो सपाट मेजाच्या मध्यातून वर काढून, लाकूड त्याच्याकडे हाताने सरकवावयाचे अशी रचना रूढ झाली. या यंत्रास अमेरिकेत ‘शेपर’ म्हणतात, तर इंग्लंडमध्ये ‘स्पिंडल मोल्डर’ म्हणतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळेत ‘शेपर’ या नावाने जे यंत्र ओळखले जाते ते धातूचे असून त्यात हत्यार मागेपुढे सरकते. त्याचा व प्रस्तुत यंत्राचा नामसाधर्म्यापलीकडे काहीही संबंध नाही.

अमेरिकेतील घरगुती कार्यशाळांतून वापरलेले हलके शेपर आज सहज उपलब्ध होतात आणि ते पाहताक्षणी भक्कम वाटतात. ओतीव लोखंडाचे मेज व जड पाया पाहून खरेदीदार किमतीचा अंदाज लोखंडावरून बांधतो. यंत्राची योग्यता मात्र लोखंडावर ठरत नाही. जेमतेम अर्धा इंच व्यासाचा एक दांडा, त्याची दोन बेअरिंग्ज आणि त्यावर बसणारी पाती यांवर ती ठरते. प्रस्तुत लेखात या तीन गोष्टींच्या अनुरोधाने अशा यंत्राची परीक्षा कशी करावी याचा विचार केला आहे.

हलक्या शेपरचा उगम

घराच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये विजेवर चालणारी सुतारकामाची यंत्रे ठेवण्याची प्रथा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात वाढीस लागली. मिलवॉकी येथे हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ मध्ये सुरू केलेल्या डेल्टा कंपनीचा या प्रसारात मोठा वाटा होता. कारखान्यातील यंत्रांच्या लहान आवृत्त्या काढून, त्यांच्या वापराविषयी पुस्तिका व ‘डेल्टाग्राम’ हे नियतकालिक प्रसिद्ध करून कंपनीने हौशी कारागिरांचा एक वर्गच तयार केला. १९४५ मध्ये ही कंपनी रॉकवेलकडे गेली. १९८० च्या दशकात ती पेंटेअरकडे, २००४ मध्ये ब्लॅक अँड डेकरकडे आणि २०११ मध्ये तैवानमधील चांग टाइप या उद्योगाकडे गेली. सीअर्स या विक्रीसंस्थेची ‘क्राफ्ट्समन’ यंत्रे ही दुसरी मोठी परंपरा होय. सीअर्स ही यंत्रे स्वतः बनवीत नसे. पट्टीवरील क्रमांकाच्या पहिल्या तीन अंकांवरून मूळ उत्पादक ओळखता येतो : १०३ म्हणजे किंग-सीली आणि ११३ म्हणजे एमर्सन. ‘क्राफ्ट्समन’ हे नावही २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेले.

हा इतिहास खरेदीदाराला एका व्यावहारिक कारणासाठी ठाऊक असावा. इतक्या वेळा मालकी बदललेल्या यंत्राचा सुटा भाग मूळ कंपनीकडून मिळेल अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. बाजारात सर्वसामान्यपणे मिळणारे भाग, म्हणजे बेअरिंग, पट्टा, मोटर आणि स्विच, कितीही झिजलेले असले तरी चालतील. परंतु केवळ त्याच यंत्रासाठी ओतलेला भाग तुटलेला वा हरवलेला असेल तर तसाच दुसरा मोडका शेपर शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

अर्ध्या इंचाचा हिशोब

कारखान्यांतील शेपरचा स्पिंडल पाऊण इंच, एक इंच किंवा त्याहून जाड असतो. हलक्या यंत्रात तो बहुधा अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतो. अर्धा आणि पाऊण यांतील फरक ऐकण्यास किरकोळ वाटतो. परंतु गोल दांड्याचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास दीडपट झाला की हा विरोध पाचपटीहून अधिक होतो आणि दुप्पट झाला की सोळापट होतो. म्हणजे एक इंची स्पिंडलच्या तुलनेत अर्ध्या इंचाचा स्पिंडल सोळापट लवचीक आहे.

एक उदाहरण घेऊ. वरच्या बेअरिंगपासून ६० मिलिमीटर उंचीवर कटर बसविला आहे आणि लाकडाचा दाब २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोग्रॅम भाराइतका आहे असे मानले, तर एका टोकाला बांधलेल्या दांड्याच्या परिचित सूत्रानुसार अर्ध्या इंचाचा पोलादी स्पिंडल सुमारे ०.०५६ मिलिमीटर वाकतो. पाऊण इंचाचा त्याच स्थितीत केवळ ०.०११ मिलिमीटर वाकतो. ०.०५ मिलिमीटर हा आकडा सुतारकामात नगण्य वाटेल. तथापि हा दाब स्थिर नसतो. प्रत्येक पाते लाकडाला लागताना दाब वाढतो व सुटताना कमी होतो, आणि स्पिंडल मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल व कटरला तीन पाती असतील तर असे मिनिटाला २७,००० वेळा घडते. पृष्ठभागावर उमटणाऱ्या बारीक लाटा, कर्कश आवाज आणि लाकडाला बसणारे हादरे यांचे मूळ येथे आहे.

याच सूत्रात एक उपायही दडलेला आहे. वाकण्याचे प्रमाण उंचीच्या तिसऱ्या घाताने वाढते, त्यामुळे तोच कटर ६० ऐवजी ३० मिलिमीटर उंचीवर बसविला तर वाक आठपटीने कमी होतो. म्हणून कटर स्पिंडलवर शक्य तितका खाली बसवावा, रिकामी जागा भरणाऱ्या कॉलर्स त्याच्या वर घालाव्यात आणि आवश्यक उंची संपूर्ण स्पिंडल हातचाकाने वर उचलून साधावी. हौशी वापरकर्ते नेमके उलट करतात, कारण नटाजवळ बसविलेला कटर काढण्यास सोपा जातो.

दारांच्या चौकटीत बसणाऱ्या, कडेला उतार दिलेल्या फळ्या तयार करता याव्यात या एकाच इच्छेपोटी अनेक जण शेपर घेतात. या कामाचा कटर चार-पाच इंच व्यासाचा असतो. अर्ध्या इंचाच्या भोकाचा असा कटर बाजारात मिळतो, आणि मिळतो म्हणून तो वापरण्यायोग्य आहे असा समज होतो. हलक्या यंत्राच्या बाबतीत हा समज चुकीचा आहे. अशा कामासाठी पाऊण इंचाहून कमी स्पिंडल विचारातच घेऊ नये. जीभ-खाच, पाव ते अर्ध्या इंचाची गोलाई, चित्रचौकटीच्या पट्ट्या, टेबलाच्या कडा, लहान रिबेट ही हलक्या शेपरची खरी कामे होत व ती तो उत्तम रीतीने करतो.

राऊटर असताना शेपर कशास?

मेजाखाली उलटा टांगलेला राऊटर हेच काम करतो, त्याची पाती स्वस्त असतात आणि जागाही कमी लागते. हलके जुने शेपर बाजारात साचून राहिले त्याचे हे मोठे कारण आहे. दोहोंतील भेद वेगाचा आहे. २५ मिलिमीटर व्यासाचे राऊटरचे पाते २२,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे २९ मीटर वेगाने लाकूड कापते. शेपरवरील ७९ मिलिमीटरचा कटर ९,००० फेऱ्यांत सुमारे ३७ मीटरचा वेग गाठतो. मोठ्या व्यासामुळे शेपरचे पाते लाकडात अधिक सपाट कोनाने शिरते आणि तंतू उपटले जाण्याचे प्रमाण घटते. शिवाय इंडक्शन मोटर राऊटरच्या ब्रशयुक्त मोटरपेक्षा पुष्कळच शांत असून दीर्घकाळ चालते. शेजारी राहणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

उलट, शेपरच्या स्पिंडलवर चक बसवून त्यात राऊटरची बारीक पाती वापरण्याची जी सोय काही यंत्रांसोबत मिळते, तिचा फारसा उपयोग नाही. १२ मिलिमीटरचे पाते ९,००० फेऱ्यांत सेकंदाला जेमतेम ५.७ मीटर वेग गाठते. कापणे मंद होते व कड खरबरीत राहते. ज्याचे काम मुख्यतः बारीक पात्यांचे आहे त्याने राऊटरच घ्यावा. एकच आकार शंभर-दोनशे फूट लांबीवर वारंवार काढावा लागणाऱ्यास शेपर अधिक सोयीचा ठरतो.

यंत्र पाहताना

पाहणीची सुरुवात यंत्र बंद व वीज तोडलेली असताना करावी. पट्टा काढून स्पिंडल बोटांनी फिरवावा. चांगल्या बेअरिंगवरील स्पिंडल एकसारखा व निःशब्द फिरतो. खडीवरून चालल्यासारखा खरखरीत स्पर्श जाणवला तर बेअरिंग गेलेले आहे असे समजावे. त्यानंतर स्पिंडलचे वरचे टोक धरून आडव्या दिशेने हलवून पाहावे. तेथे जाणवण्याइतकी हालचाल असता कामा नये. मात्र हालचाल आढळली तरी सौदा मोडण्याची घाई नको. ती बेअरिंगमधील असेल तर क्रमांक पाहून नवे बेअरिंग कोठेही मिळते. ती स्पिंडल धारण करणारी नळी आणि तिची बैठक यांमधील झीज असेल तर दुरुस्ती लेथकामाची, म्हणून खर्चाची असते. हातचाकाने स्पिंडल वर-खाली करून, पकड-स्क्रू आवळून पुन्हा हलवून पाहिले की हा भेद उघड होतो : पकड आवळल्यावर हालचाल थांबली तर दोष नळीच्या बैठकीत आहे, न थांबली तर बेअरिंगमध्ये.

स्पिंडल वाकलेला आहे काय हे डोळ्यांना दिसत नाही. डायल गेज मेजावर ठेवून, स्पिंडल हाताने एक फेरा फिरवून, त्याची डगमग मोजावी लागते. एक सहस्रांश इंचापर्यंत, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरपर्यंत, चिंता नाही. याच्या दुप्पट आढळल्यास कारण शोधावे. याहून बरीच अधिक असल्यास यंत्र कधीतरी पडले आहे किंवा त्यावर लाकूड जोराने अडकले आहे असे अनुमान निघते. काही यंत्रांत स्पिंडल खालून लांब बोल्टने ओढून धरलेला असतो व तो बदलता येतो. तेथे बैठकीच्या शंकूवर साचलेला लाकडाचा चिकटाही डगमगीस कारणीभूत होऊ शकतो, म्हणून मोजण्यापूर्वी तो पुसून घेणे इष्ट.

मेज व मार्गदर्शक भिंत यांची तपासणी सरळ पट्टीने होते. भिंतीचे दोन अर्ध असतात. कडेचा काही भागच कापावयाचा असल्यास ते एका रेषेत ठेवतात. संपूर्ण कड कापली जाणार असल्यास लाकूड जेथून बाहेर पडते तो अर्ध कापलेल्या जाडीइतका पुढे आणावा लागतो, अन्यथा लाकडाला कटरपलीकडे आधार राहत नाही व शेवटच्या टप्प्यात ते आत ओढले जाते. ही सरकण्याची यंत्रणा गंजून अडकलेली असली तर तेल व धीर यांनी सुटते. तिचा ओतीव भाग तुटलेला असला तर मात्र सुटे भाग विकणाऱ्या कोणाची तरी वाट पाहावी लागते. मेजाच्या भोकात बसणाऱ्या कड्या, वक्र कामासाठीची आधारखुंटी आणि स्पिंडलवरील रक्षककडे या तीन वस्तू जुन्या यंत्रांबरोबर हमखास नसतात. यंत्र पाहण्यास जाताना त्यांची विचारणा आधीच करावी.

स्पिंडल दोन्ही दिशांना फिरविण्याची सोय बहुतेक हलक्या शेपरांत असते. नेहमीची दिशा वरून पाहता घड्याळाच्या उलट असते व तीत उजव्या आट्याचा नट आपोआप आवळला जातो. दिशा पालटली की तोच नट सैल होण्याकडे झुकतो. त्याला रोखण्यासाठी नटाखाली एक जिभेचा वॉशर असतो, ज्याची जीभ स्पिंडलच्या खाचेत बसते. नाण्याएवढा हा तुकडा हरवलेला असल्यास यंत्र उलट दिशेने एकदाही चालवू नये. मोटर पूर्ण थांबल्याशिवाय दिशा-स्विच पालटणेही निरर्थक आहे, कारण एकफेज मोटर फिरती असताना पूर्वीच्याच दिशेने फिरत राहते.

मोटरची शक्ती सामान्यतः अर्धा ते एक अश्वशक्ती असते. वायरचे रबर तडकलेले असल्यास ती बदलणे हा खरेदीचाच भाग समजावा. वर्षानुवर्षे एकाच जागी ताणून राहिलेला पट्टा त्याच आकारात ताठरतो आणि यंत्र थरथरते. विक्रेता हा दोष बेअरिंगचा समजून किंमत उतरवीत असेल तर खरेदीदाराने गप्प राहावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपविणे बरे.

सोबत मिळणारी पाती

जुन्या शेपरबरोबर बहुतेक वेळा पात्यांची एक लाकडी पेटी मिळते आणि सौद्यातील आकर्षण तेच असते. खरा धोकाही याच पेटीत असतो. तीन पाती एकसंध असलेले पोलादी कटर तडारहित असतील तर खुशाल वापरावेत. त्यांना धार फक्त पुढच्या सपाट बाजूवर लावावी. आकाराच्या बाजूला दगड लागला की आकार व कोन दोन्ही बिघडतात. तिन्ही पात्यांवर दगडाचे घासे सारखेच द्यावेत, नाही तर तोल जातो.

सुटी पाती ही वेगळी गोष्ट आहे. यात दोन जाड कॉलर्समधील समोरासमोरच्या खाचांत दोन सपाट पाती धरून वरून नट आवळतात. हव्या त्या आकाराचे पाते घरी घासून बनविता येते, म्हणून ही पद्धत एके काळी लोकप्रिय होती. यातील जुन्या प्रकारात पाते केवळ घर्षणाने धरलेले असते. दोन पात्यांच्या रुंदीत केसाएवढा फरक असला तरी आवळण्याचा सारा जोर रुंद पात्यावर जातो आणि अरुंद पाते नावापुरतेच अडकलेले राहते. ९,००० फेऱ्यांच्या गतीने, केंद्रापासून ४० मिलिमीटर अंतरावरील ५० ग्रॅम वजनाच्या पात्यावर बाहेर ओढणारे बल सुमारे १,७८० न्यूटन, म्हणजे १८० किलोग्रॅमच्या भाराइतके असते. सुटलेल्या पात्याच्या वाटेत यंत्र चालविणारा उभा असतो. पुढे दातेरी कडेची पाती व त्यांना अडविणारा स्क्रू अशी सुधारणा झाली. ती अधिक सुरक्षित असली तरी पाते, कॉलर व स्क्रू एकमेकांसाठीच बनविलेले आहेत याची खात्री जुन्या पेटीत क्वचितच देता येते. युरोपात हाताने लाकूड सरकविण्याच्या यंत्रांसाठीच्या हत्यारांवर ईएन ८४७-१ या मानकानुसार ‘मॅन’ ही अक्षरे कोरलेली असतात. अशा हत्यारात पाते यांत्रिक रीत्या अडकलेले असते व ते कटरच्या अंगाबाहेर अगदी थोडे डोकावते, त्यामुळे एका वेळी लाकडात खोल शिरू शकत नाही. घर्षणाने धरलेली सुटी पाती पेटीत आढळल्यास ती भंगारात द्यावीत व यंत्राची किंमत ठरविताना त्यांचे मोल शून्य धरावे. ती दुसऱ्या कोणास विकणेही योग्य नव्हे.

हाताळणी

लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावे. त्याच दिशेने सरकविल्यास कटर लाकूड ओढून फेकतो आणि त्यामागोमाग हात पुढे जातो. शेपरवरील अपघातांत बोटे जखमी होण्याचे हे चिरपरिचित कारण आहे. आखूड वा अरुंद तुकड्याची कड कधीही थेट काढू नये. रुंद फळीची कड आधी काढून नंतर करवतीने पट्टी वेगळी करावी. वक्र कामात भिंत नसते, तेव्हा लाकूड प्रथम आधारखुंटीला टेकवून सावकाश फिरवीत कटरवरील कॉलरला भिडवावे लागते. खुंटी नसेल तर वक्र काम नाही, इतका साधा नियम पाळावा. जुन्या हलक्या यंत्रांना भुसा ओढून घेण्याची नळी नसते. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवास कर्करोगकारक ठरविलेली आहे, तेव्हा भिंतीमागे एक पेटी व शोषक जोडून घेणे अगत्याचे आहे.

भारतात आणावयाचे झाल्यास

अमेरिकेत वास्तव्य करून परतणारे हौशी कारागीर घरसामानाबरोबर असे यंत्र आणण्याचा विचार करू शकतात. त्यांनी दोन बाबी तपासाव्यात. पहिली विजेची. ११५ व्होल्टची मोटर येथे सरळ जोडता येणारच नाही. २३० व्होल्टची असली तरी ती ६० हर्ट्झसाठी बनलेली असते व भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे. तिचे ३,४५० फेरे सुमारे २,८७५ वर येतात आणि स्पिंडलचे ९,००० फेरे ७,५०० वर. शिवाय वारंवारता घटल्याने मोटरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह सुमारे एक पंचमांशाने वाढून ती तापते. मोटर तेथेच विकून येथील दोन ध्रुवांची मोटर बसविणे श्रेयस्कर. तिचे फेरे २,८५० धरल्यास स्पिंडलवर ९,००० फेरे मिळण्यासाठी मोटरवरील पुली स्पिंडलवरील पुलीच्या ३.१६ पट व्यासाची हवी.

दुसरी बाब भोकाच्या मापाची. १२.७ मिलिमीटर भोकाचा कटर येथे करून घेतलेल्या १२ मिलिमीटरच्या स्पिंडलवर सहज चढतो, आणि चढतो म्हणूनच तो घातक ठरतो. ०.७ मिलिमीटरच्या मोकळीकीमुळे कटर ०.३५ मिलिमीटर एका बाजूस बसू शकतो. अर्धा किलो वजनाच्या कटरचा एवढाच अपकेंद्रीपणा ९,००० फेऱ्यांना सुमारे १५५ न्यूटनचे असंतुलित बल निर्माण करतो आणि ते सेकंदाला १५० वेळा दिशा बदलत बेअरिंगवर आदळते. म्हणून मूळ स्पिंडल बदलून मेट्रिक मापाचा करण्याच्या भरीस न पडता तो इंची मापातच राखावा, कटर अर्ध्या इंचाच्या भोकाचे मागवावेत, आणि मोठ्या भोकाचा कटर बसवावयाचा असल्यास दोन्ही मापांना घट्ट बसणारी पोलादी बुश लेथवर कातून घ्यावी.